वाचकांचे प्रश्न : खुनी ठाऊक असूनही पान का उलटावेसे वाटते?

जपानी चित्रकथांची, म्हणजे मांगांची, ओळख करून देणारा लेख मागच्या अंकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे मांगांच्या एकाच प्रकाराविषयी आहेत. या प्रकारच्या कथांत खून, पाठलाग आणि पोलीस तपास असतो, परंतु खरी झटापट माणसाच्या मनात चाललेली असते. काही वाचक या मनोवैज्ञानिक थरारकथांनी भारावून गेले आहेत, काही वैतागले आहेत, तर काहींना घरातल्या मुलांची काळजी वाटते आहे. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. कथांचे शेवट उघड होणार नाहीत एवढी काळजी घेतली आहे. सुरुवातीच्या काही घटना मात्र सांगाव्या लागल्या आहेत.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक असून आयुष्यभर आवडीने रहस्यकथा वाचत आलो आहे. सुट्टीत आलेल्या नातीने 'मॉन्स्टर' या मांगाचे पहिले दोन भाग माझ्या हाती ठेवले. पहिल्या भागातच खुनी कोण हे लेखकाने सांगून टाकले आहे, आणि पुढे आणखी सोळा भाग आहेत असे नात म्हणते. ज्या रहस्यकथेत रहस्यच उरले नाही ती अठरा भाग कशासाठी वाचायची?
— एक वाचक, सातारा

उत्तर : रहस्यकथेच्या कसोटीवर आपला आक्षेप बिनतोड आहे. रहस्यकथेत गुन्हेगाराचे नाव शेवटपर्यंत झाकून ठेवलेले असते आणि ते लेखकाच्या आधी ओळखून दाखवण्यात वाचकाची मौज असते. 'मॉन्स्टर' ही त्या जातीची कथाच नाही. नाओकी उरासावा यांची ही मालिका शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या 'बिग कॉमिक ओरिजिनल' या नियतकालिकात डिसेंबर १९९४ पासून डिसेंबर २००१ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. सात वर्षे वाचक पुढच्या प्रकरणासाठी खोळंबून राहत होते आणि जवळजवळ त्या सगळ्या काळात खुनी कोण हे त्यांना ठाऊक होते. मग ते नेमके कशासाठी खोळंबले होते, हे पाहण्याकरिता आपण वाचलेल्या पहिल्या भागाकडेच पुन्हा जाऊ.

१९८६ साली पश्चिम जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात केन्झो तेन्मा हा जपानी मेंदूशल्यविशारद एका मोठ्या रुग्णालयात काम करतो. त्याच्या हाताला यश आहे, रुग्णालयाच्या संचालकांच्या मुलीशी त्याचे लग्न ठरले आहे आणि संचालक सांगतील ते मुकाट्याने करण्याची त्याला सवय झालेली आहे. आधी आलेल्या एका तुर्की मजुराला बाजूला ठेवून त्याला एका प्रसिद्ध ऑपेरा गायकाची शस्त्रक्रिया करायला लावली जाते. गायक वाचतो, मजूर दगावतो, आणि मजुराची बायको लेकराला घेऊन तेन्मासमोर येऊन त्याला जाब विचारते. त्यानंतर एका रात्री डोक्यात गोळी लागलेला एक मुलगा आणि शहराचा महापौर हे दोघेही जवळजवळ एकाच वेळी रुग्णालयात येतात. या खेपेस तेन्मा आदेश झुगारून आधी आलेल्या मुलाला वाचवतो. महापौर दगावतो आणि तेन्माची बढती, ठरलेले लग्न व मानमरातब एका फटक्यात हातचे जातात. त्या बेशुद्ध मुलाच्या खाटेशी बसून, ऐकायला कोणी नाही अशा समजुतीने, संचालकासारखी माणसे मेलेलीच बरी, असे तो संतापाच्या भरात बोलून जातो. पुढे थोड्याच अवधीत संचालक आणि आणखी दोन डॉक्टर विषप्रयोगाने मरतात, आणि तो मुलगा व त्याची जुळी बहीण रुग्णालयातून नाहीशी होतात. नऊ वर्षांनी तोच मुलगा, आता देखणा तरुण झालेला योहान, तेन्माच्या डोळ्यांदेखत एका माणसाला गोळी घालतो आणि ते तीन मृत्यूही तेन्माच्याच इच्छेप्रमाणे घडवल्याचे अगदी शांतपणे सांगतो.

खुनी कोण हे आपल्याला येथे कळते हे खरे आहे. परंतु त्या तीन मृत्यूंत तेन्माचा वाटा किती, हे कोणी सांगितले आहे? त्याने विष दिले नाही, कोणाला द्यायलाही सांगितले नाही, तरीही त्या मृत्यूंमुळेच त्याचा मार्ग मोकळा झाला आणि तो शल्यविभागाचा प्रमुख होऊन नऊ वर्षे त्या खुर्चीवर बसला. सगळे जीव सारख्याच मोलाचे आहेत या निष्ठेपायी ज्याने सर्वस्व पणाला लावले, तोच माणूस आता आपल्या हातांनी वाचवलेला जीव आपल्याच हातांनी घेण्यासाठी पिस्तूल घेऊन घराबाहेर पडतो. तो हे करू शकेल का, त्याने ते करावे का, आणि केलेच तर त्यानंतर त्याला डॉक्टर म्हणवून घेता येईल का, या प्रश्नांसाठी पुढचे सतरा भाग खर्ची पडले आहेत, आणि कितीही हुशार गुप्तहेर आणला तरी त्यांची उत्तरे त्याच्या हाती लागण्यासारखी नाहीत.

या प्रकाराच्या ओढीचे मूळ मला येथेच दिसते. रहस्यकथा वाचताना आपण गुप्तहेराच्या बाजूला सुरक्षित बसलेले असतो आणि गुन्हा हा कोणा दुसऱ्याचा असतो. येथे वाचकाला प्रथम न्यायासनावर बसवले जाते, आणि हळूहळू त्याच्या लक्षात येते की आरोपीच्या पिंजऱ्यात आपल्याही ओळखीची एक इच्छा उभी आहे. अमका मेलेलाच बरा, असे कधीच मनात न आलेला माणूस विरळा. ते वाक्य कोणी तरी ऐकले आणि खरे करून दाखवले तर काय, ही कल्पनाच इतकी अस्वस्थ करणारी आहे की खुन्याचे नाव आधी कळले किंवा नंतर कळले याने फारसा फरक पडत नाही.

शिवाय वाचकाला सत्य ठाऊक असण्याचा उरासावा फार कौशल्याने उपयोग करून घेतात. तपास करणारा लुंगे हा पोलीस अधिकारी विलक्षण बुद्धीचा आहे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट स्मरणात साठवताना तो टंकलेखन करत असल्यासारखी बोटे हलवतो. एवढा बुद्धिमान माणूस तर्काची पायरी एकदाही न चुकता असा निष्कर्ष काढतो की योहान नावाचा कोणी नाहीच, आणि तेन्माच्याच दुभंगलेल्या मनाने हे खून केले आहेत. आपण सगळे पाहिलेले असल्यामुळे त्याच्या प्रत्येक बरोबर पावलागणिक आपला जीव टांगणीला लागतो. माझ्यापुरते सांगायचे तर मला योहानपेक्षा लुंगे अधिक अस्वस्थ करतो, कारण योहानासारखा माणूस मी पाहिलेला नाही, परंतु बिनचूक तर्क करत चुकीच्या जागी जाऊन पोहोचलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि काही वेळा त्यांच्यात स्वतःलाही पाहिले आहे.

कथा जर्मनीत का घडते, असेही आपल्या मनात आले असेल. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली आणि १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या. जुन्या राजवटीची दप्तरे, अनाथालये आणि त्यांत वाढलेली माणसे मात्र मागे उरली. योहानाच्या बालपणाचा माग पूर्व बर्लिनमधल्या ज्या 'किंडरहाइम ५११' या काल्पनिक अनाथालयापर्यंत जातो, तेथे मुलांच्या भावना पुसून टाकण्याचे प्रयोग झालेले असतात. तुर्की मजुराचा मृत्यूही केवळ सोयीसाठी रचलेला नाही. पश्चिम जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून तेथून कामगार आणले, आणि १९९२ साली म्योल्न येथे व १९९३ साली झोलिंगेन येथे तुर्की कुटुंबांची घरे पेटवून देण्यात आली, त्यांत माणसे जळून मेली. मालिका सुरू झाली तेव्हा या घटना ताज्या होत्या. पुढच्या एका भागात फ्रँकफुर्टची तुर्की वस्ती जाळण्याचा कट येतो, तो वाचताना हे स्मरणात ठेवावे. कोणाचा जीव आधी वाचवायचा, हा शस्त्रक्रियागृहातला प्रश्न तेथे रस्त्यावर येऊन उभा राहतो.

एक उणीवही सांगायला हवी. कथा प्राग शहरात गेल्यानंतर संघटना, जुने अधिकारी आणि गुपिते यांची इतकी गर्दी होते की काही प्रकरणे रेंगाळतात. तेथे कंटाळा आला तर आपली नात रागावणार नाही अशी मला आशा आहे. पण तेवढ्यासाठी पुस्तक मिटू नये, कारण एखादा निवृत्त पोलीस, एखादा एकाकी विद्यार्थी, दारूच्या आहारी गेलेली तेन्माची पूर्वीची वाग्दत्त वधू, अशा आडबाजूच्या माणसांवर लिहिलेली प्रकरणे हे या मालिकेचे खरे वैभव आहे. योहान स्वतः फार थोडा वेळ दिसतो. तो येऊन गेल्यावर माणसांचे काय झाले, हेच आपण बहुतेक वेळ पाहत असतो.

प्रश्न : मी उपयोजित कलेची विद्यार्थिनी आहे. मांगाचे चित्र हलत नाही, त्याला आवाज नाही, बहुतेक पानांना रंगही नाही. असे असूनही काही पानांवर मला जी भीती वाटली ती मोठ्या पडद्यावरच्या भयपटांनीही वाटलेली नाही. कागदावर हे नेमके कसे साधले जाते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही ज्या उणिवा मोजल्या आहेत त्यांतच या माध्यमाची ताकद आहे, आणि तुम्ही चित्र काढणाऱ्या असल्यामुळे थोडे तपशिलात जाते.

पहिली गोष्ट वेळेची. चित्रपटात प्रसंग किती वेळ चालायचा हे दिग्दर्शक ठरवतो. डोळे मिटून घेतले तरी प्रसंग पुढे सरकतोच. पुस्तकात मात्र वाचकाने पान उलटल्याशिवाय काहीही घडत नाही. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचले जात असल्याने समोर उघडलेल्या दोन पानांची शेवटची चौकट डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येते, आणि नेमक्या त्याच जागी बोटे पान उलटण्यासाठी टेकलेली असतात. कसलेला मांगाकार त्या कोपऱ्यात किलकिले दार ठेवतो, मागे वळू लागलेली मान ठेवतो, किंवा काहीतरी पाहून बदललेला एखादा चेहरा ठेवतो. त्याने काय पाहिले ते पान उलटल्यावरच दिसते. पुढे काहीतरी भयंकर आहे हे ठाऊक असूनही ते आपल्या हाताने उघडावे लागते. पडद्यावर जे आपल्यावर येऊन आदळते त्याला येथे आपण आपण होऊन बोलावलेले असते, आणि माझ्या मते तुम्हाला वाटलेल्या भीतीत या सहभागाचा वाटा फार मोठा आहे.

दुसरी गोष्ट दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेची. अमेरिकी चित्रकथाकार स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विवेचनात दाखवून दिले आहे की अमेरिकी चित्रकथा बहुधा एका कृतीवरून पुढच्या कृतीवर उडी घेते, तर जपानी चित्रकथेत एकाच क्षणाचे वेगवेगळे तुकडे शेजारी शेजारी ठेवण्याची पद्धत बरीच आढळते. टेबलावरचा पेला, खिडकीवरचे पावसाचे थेंब, न हललेला हात, पुन्हा पेला, असे चार तुकडे पाहताना काळ पुढे सरकत नाही, आणि तो का सरकत नाही या विचाराने आपला श्वास अडकतो. चौकटींमध्ये जे चितारलेले नसते ते वाचकाचे मन भरून काढते, आणि ज्याचे त्याचे मन स्वतःला सर्वांत जास्त घाबरवील असेच काहीतरी तेथे भरते.

आवाजाविषयी म्हणाल तर जपानी मांगांत शांततेलाही ध्वनिशब्द आहे. एकदम सगळे गप्प झाले की चौकटीत 'शीऽन' अशी अक्षरे लिहिली जातात. 'शुकशुकाट' हा शब्द लहानपणापासून वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे नवल वाटू नये. नोबुयुकी फुकुमोतो यांच्या १९९६ साली सुरू झालेल्या 'काइजी' या जुगाराच्या कथेत 'झावा झावा' ही अक्षरे पात्रांच्या भोवती तरंगत राहतात. गर्दीतली कुजबुज आणि मनातली चलबिचल या दोन्हींसाठी ती एकच अक्षरे आहेत, आणि बाहेरचा आवाज कोठे संपला व आतला कोठे सुरू झाला हे सांगता येत नाही.

हे सगळे एकत्र पाहायचे असेल तर शूझो ओशिमी यांची 'ची नो वादाची' ही मालिका मिळवून वाचा. ती २०१७ ते २०२३ या काळात प्रसिद्ध झाली आणि तिचे १७ भाग आहेत. 'ची' म्हणजे रक्त आणि 'वादाची' म्हणजे गाडीच्या चाकांनी जमिनीत पाडलेली खोलगट वाट. 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' या इंग्रजी नावात हा अर्थ थोडा निसटतो, पण मराठीत त्यासाठी नेमका शब्द आहे: चाकोरी. एकदा चाक त्या वाटेत उतरले की गाडीवानाच्या मर्जीने बाहेर पडणे अवघड असते, आणि आईच्या मायेची अशी चाकोरी हाच या कथेचा विषय आहे. सेइची हा तेरा वर्षांचा मुलगा आईवडील आणि नातेवाईक यांच्यासह डोंगरावर सहलीला जातो. कड्यापाशी चेष्टामस्करी करणाऱ्या त्याच्या चुलतभावाचा तोल जातो, सेइचीची आई धावत जाऊन त्याला सावरते, आणि मग त्याच हातांनी त्याला खाली ढकलून देते. सेइची हे पाहतो. पुढे पोलीस विचारतात तेव्हा तो आईला सोयीची साक्ष देतो.

या मालिकेत कित्येक पाने एकही शब्द नसलेली आहेत. आईचा चेहरा पानभर येतो, पुढच्या पानावर तोच चेहरा पुन्हा येतो, आणि दोन्हींत फरक असतो तो फक्त पापणीचा किंवा ओठाच्या कडेचा. शेजारच्या घरातली कोणतीही प्रेमळ बाई दिसावी तसा तो चेहरा आहे, म्हणून तर त्याच्याकडे पुनःपुन्हा पाहावे लागते. त्या घटनेनंतर सेइचीला धड बोलता येईनासे होते. शब्द त्याच्या घशात अडकतात. जे पाहिले ते सांगता न येण्याची त्याची अवस्था आणि निःशब्द पाने वाचताना होणारी आपली अवस्था या दोन्ही एकच होऊन जातात. तुम्ही चित्रकार म्हणून ही पाने वाचणार असाल तर एक सुचवते: पहिल्या वाचनात रेषेकडे पाहू नका, चेहऱ्याकडे पाहा. दुसऱ्या वाचनात आडव्या-उभ्या बारीक रेषांचे जाळे कोठे दाट होते आणि कोठे एकदम नाहीसे होते, ते पेन्सिलीने कच्चे उतरवून पाहा.

प्रश्न : हा सगळा प्रकार हॉलिवूडच्या चित्रपटांवरून उचललेला आहे, असे माझे मित्र म्हणतात. जपानमध्ये त्याची स्वतःची परंपरा आहे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : परदेशातून पुष्कळ काही आले हे खरे आहे, आणि जपानी लेखकांनी ते कधी लपवलेले नाही. १९२३ साली आपल्या पहिल्या कथेने जपानी गूढकथेला वळण देणाऱ्या लेखकाने एदोगावा रांपो हे टोपणनाव घेतले ते अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो यांच्या नावाचा जपानी उच्चार डोळ्यांसमोर ठेवूनच. ओसामू तेझुका यांनी १९५३ साली दोस्तोयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' या कादंबरीचे मांगा केले. त्या कादंबरीतही खुनी कोण हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते, हे साताऱ्याच्या आपल्या वाचकांनाही सांगावेसे वाटते.

जपानची स्वतःची भर पडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. आपल्याकडे जशी रहस्यकथा वर्गणी घेणाऱ्या छोट्या वाचनालयांतून घरोघर फिरत असत, तशी तेथे भाड्याने पुस्तके देणारी दुकाने होती, आणि त्या दुकानांसाठी काम करणाऱ्या तरुण चित्रकारांना मुलांसाठीच्या हसऱ्या मांगांपेक्षा काही वेगळे सांगायचे होते. त्यांपैकी योशिहिरो तात्सुमी यांनी १९५७ साली आपल्या कामाला 'गेकिगा', म्हणजे नाट्यमय चित्रे, असे नाव दिले. कोंदट खोल्या, थकलेले कामगार आणि मनात दडपलेली चीड हे विषय त्यातून मांगांत आले. त्या लाटेने तेझुका यांनाही बदलायला लावले. १९७६ ते १९७८ या काळात त्यांनी लिहिलेल्या 'मू' या मालिकेत विषारी वायूच्या दुर्घटनेतून वाचलेला एक निर्दय तरुण आहे, आणि त्याचे सगळे गुन्हे ठाऊक असूनही त्याला सोडू न शकणारा एक धर्मगुरू आहे. वाचवणारा आणि मारणारा यांची ही जोडी पाहिली की उरासावा कोणाच्या घराण्यातले आहेत हे कळते. तेझुका हे वैद्यकीची पदवी घेतलेले गृहस्थ होते, आणि 'मॉन्स्टर' या डॉक्टरच्या कथेला १९९९ साली मिळालेला मोठा पुरस्कार तेझुका यांच्याच नावाचा आहे. आपल्या मित्रांना हे घराणे जरूर दाखवा.

प्रश्न : मांगा उजवीकडून वाचायची म्हणजे नेमके कसे? आणि या प्रकारात सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आपल्याला जे पुस्तकाचे मागचे मुखपृष्ठ वाटेल तेथून उघडावे, प्रत्येक पानावर उजव्या वरच्या चौकटीपासून डाव्या खालच्या चौकटीपर्यंत यावे, आणि एका चौकटीतले संवादाचे फुगेही त्याच दिशेने वाचावेत. पहिली पन्नास पाने अडखळायला होते, मग डोळे रुळतात. पूर्वी इंग्रजी आवृत्त्यांसाठी चित्रे आरशातल्यासारखी उलटी छापत असत, त्यामुळे उजव्या हाताची पात्रे डावखुरी होत. ती पद्धत आता मागे पडली आहे. सुरुवात 'मॉन्स्टर'पासून करावी. तिचे मूळ १८ भाग इंग्रजीत ९ जाड खंडांतही मिळतात. 'ची नो वादाची' मनाला फार लागते, म्हणून ती नंतर वाचावी, आणि एका बैठकीत तर मुळीच वाचू नये.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तो 'डेथ नोट' वाचतो. परवा त्याच्या दप्तरात काळ्या पुठ्ठ्याची वही सापडली. तिच्यात त्याच्या वर्गातल्या दोन मुलांची आणि एका शिक्षकांची नावे लिहिलेली आहेत. मी अजून त्याला काही बोललेली नाही. ही पुस्तके घरातून काढून टाकावीत का?
— एक आई, नाशिक

उत्तर : वही सापडल्यावर तुम्ही लगेच आरडाओरडा केला नाहीत, हे फार चांगले केलेत. तुमच्या मुलाशी बोलण्याआधी ही कथा काय आहे ते तुम्हाला ठाऊक असायला हवे, म्हणून ती थोडक्यात सांगते.

त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी चितारलेली ही मालिका २००३ च्या डिसेंबरपासून २००६ च्या मेपर्यंत 'शोनेन जंप' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. 'शोनेन' म्हणजे किशोर मुलगे. 'मॉन्स्टर' ज्या प्रौढांच्या नियतकालिकात आली त्यापेक्षा याचा वाचकवर्ग लहान आहे. लाइट यागामी या अत्यंत हुशार आणि कंटाळलेल्या विद्यार्थ्याला मृत्युदेवाची वही सापडते. चेहरा मनात आणून तिच्यात नाव लिहिले की तो माणूस मरतो. मृत्यूचे कारण लिहिले नाही तर चाळीस सेकंदांत हृदय बंद पडते. लाइट पहिल्यांदा नाव लिहितो ते पाळणाघरात लहान मुलांना ओलीस धरणाऱ्या गुन्हेगाराचे. वाचकाचे मन तेथे विरोध करत नाही. दुसरे नाव रस्त्यात एका स्त्रीला त्रास देणाऱ्या गुंडाचे असते. तेथेही बहुतेकांचे मन फारशी तक्रार करत नाही. मग 'एल' नावाचा गुप्तहेर दूरचित्रवाणीवर एका तोतयाला आपल्या नावाने उभा करून लाइटला डिवचतो, आणि अपमान सहन न झाल्यामुळे लाइट त्याचे नाव लिहून टाकतो. तो कार्यक्रम देशाच्या एकाच भागात दाखवला जात असल्यामुळे लाइट कोठे राहतो हे एलला कळते. न्यायाच्या गोष्टी करणारा मुलगा केवळ रागामुळे पकडीत येतो, हे येथे फार चांगले दाखवले आहे. त्यानंतर तपासासाठी आलेल्या बारा अमेरिकी अधिकाऱ्यांची पाळी येते, ज्यांचा काहीही अपराध नसतो.

आपण नेमक्या कितव्या नावापाशी थांबायला हवे होते, हा प्रश्न ही कथा प्रत्येक वाचकापुढे टाकते. त्यामुळे ती मुलांना खून शिकवते असे मला वाटत नाही. पण चौदाव्या वर्षी पहिल्या दोन नावांची धुंदी लवकर चढते आणि पुढचे ओझे जाणवायला वेळ लागतो, हेही मी नाकारणार नाही. हुशार असण्याचा तोरा आणि आपले कोणी ऐकत नाही ही खंत या दोन्ही गोष्टी त्या वयात एकत्र नांदतात, आणि लाइट यागामी नेमका त्याच मातीचा बनवलेला आहे. २०१५ साली चीनच्या संस्कृती मंत्रालयाने बंदी घातलेल्या ३८ जपानी मालिकांच्या यादीत 'डेथ नोट' होती. अशा बंदीने वही दप्तरातून निघून गादीखाली जाते, एवढेच होईल असे मला वाटते. म्हणून पुस्तके काढून टाकण्याचा सल्ला मी देणार नाही.

तुमच्या पत्रात मला पुस्तकापेक्षा ती तीन नावे महत्त्वाची वाटतात. त्या दोन मुलांनी त्याला काही त्रास दिला आहे का, शिक्षकांनी चारचौघांत अपमान केला आहे का, हे शोधायला हवे. 'हे काय वेड्यासारखे लिहिले आहेस?' असे विचारलेत तर तो गप्प होईल. त्याऐवजी तुम्ही स्वतः पहिले दोन भाग वाचा आणि जेवताना सहज विचारा की लाइटच्या हातून पहिली चूक कोठे झाली. मुले पात्रांविषयी जे बोलतात त्यात बरेचदा स्वतःविषयीचे आलेले असते. मग एखाद्या दिवशी वही तुम्हाला दिसली हे सरळ सांगा आणि एकेका नावाविषयी विचारा. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. त्याला खरोखर कोणी छळत असेल तर ती गोष्ट शाळेत नेणे हे तुमचे काम आहे, आणि आपली आई ते करील याची त्याला खात्री वाटली तर त्या वहीची गरज उरणार नाही. तो झोपत नसेल, जेवत नसेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याविषयी बोलत असेल, तर मात्र एक दिवसही न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या; तेव्हा प्रश्न पुस्तकाचा राहिलेला नसतो.

मालिका बारा भागांची आहे. तो आता कितव्या भागावर आहे ते विचारून घ्या, आणि बारावा भाग शक्यतो दोघांनी मिळून वाचा. लाइटचा शेवट वाचल्यावर तुमचा मुलगा काय म्हणाला, ते मला जरूर कळवा.